सतरा नंबरची कवळी

३ मार्च, मंगळवार

आजपासून ही वही. आज मला एक गोष्ट कळली आणि ती कुणालाही सांगणार नाही असा कागद मी चार वर्षांपूर्वी, इथे कामाला लागले त्याच दिवशी सही करून दिलाय. नवऱ्याला नाही, सासूबाईंना नाही, पोरीला तर नाहीच. वहीला सांगू नये असं मात्र त्या कागदात कुठे लिहिलेलं नव्हतं. वही मी घरी, माळ्यावरच्या प्लॅस्टरच्या पोत्यामागे ठेवणार आहे. तिथे माझ्याशिवाय कुणी हात घालत नाही, कारण हात पांढरे होतात.

माझं काम कवळ्या बनवण्याचं. डॉक्टर पुढच्या खोलीत पेशंट बघतात, मी मागच्या खोलीत मेण, प्लॅस्टर आणि गुलाबी ॲक्रिलिकच्या संगतीत असते. पेशंट मला दिसत नाही, त्याच्या तोंडाचा साचा दिसतो. प्रत्येकाचा एक प्लॅस्टिकचा डबा आणि डब्यावर नंबर. सतरा नंबर कुणाचा हे मला कुणी सांगितलेलं नाही. पण तो डबा नेहमी करड्या कोटातला एक गृहस्थ घेऊन येतो, माझ्यासमोर खुर्ची टाकून बसतो आणि काम होईपर्यंत जागचा हलत नाही. एखाद्या दुकानदाराच्या दातांवर एवढा पहारा कोण ठेवेल?

आज डबा आला. वरच्या कवळीचा डावा सुळा बुडापासून तुटलेला, आणि त्या खाचेत अक्रोडाचा बारीक तुकडा.

परवाच्या रविवारी, शेजारच्या देशाच्या राष्ट्रप्रमुखांना आपल्या राष्ट्रप्रमुखांनी, म्हणजे साहेबांनी, दिलेली मेजवानी सगळ्या जगाने टीव्हीवर पाहिली. साहेब हसत होते. मग एकदम त्यांनी तोंडावर हात ठेवला, ताट ढकललं आणि पाहुण्याकडे न बघता तडक निघून गेले. पाहुणे अर्धा तास रिकाम्या खुर्चीशेजारी बसून विमानाने परत गेले. काल त्यांनी आपला राजदूत माघारी बोलावला. आज सकाळी त्यांची जहाजं बंदरातून निघाली, मग आपलीही निघाली. त्यातल्याच आपल्या एका जहाजावर आमची भिंगरी आहे. तिची रजा पुढच्या आठवड्यापासून होती. ती रद्द.

मी चिमट्याने तो तुकडा काढून बशीत ठेवला. करडा कोट म्हणाला, "तो इकडे द्या." कागदात गुंडाळून खिशात घातला. माझ्या पोरीची रजा अक्रोडाने खाल्ली, हे मला आता माहीत आहे आणि त्याला माहीत आहे.

५ मार्च, गुरुवार

पेपरातली कात्रणं कापायला लागले आहे. ह्यांना सांगितलं, स्वयंपाकाच्या कृती कापतेय. हे शाळेत भूगोल शिकवतात, त्यामुळे घरातल्या बाकीच्या गोष्टींवर लगेच विश्वास ठेवतात.

एक निवृत्त सेनापती लिहितात, ताट ढकलणं हा वाटाघाटींचा जुना डाव आहे. एक प्राध्यापक म्हणतात, तोंडावर ठेवलेला हात म्हणजे "मी आता बोलणार नाही, कृती करीन". तिसऱ्या एका विदुषींनी तर कमाल केली. साहेब भाषणात सारखे पाणी पितात आणि दोन देशांमधल्या सामुद्रधुनीला नेहमी 'ते पाणी' म्हणतात, म्हणून पाणी पिणं ही त्या समुद्रावरच्या हक्काची जाहीर खूण आहे म्हणे!

अहो, कवळी सैल आहे. चार वर्षांत हिरडी झिजली, कवळी तीच राहिली. ती घसरते म्हणून पाण्याने जागेवर बसवावी लागते. आणि 'सामुद्रधुनी' म्हणायला गेलं तर पहिल्याच अक्षराला शिट्टी वाजते, म्हणून 'ते पाणी'. चिकटवायची पेस्ट असते, पण तिच्या वासाने त्यांना मळमळतं असं करड्या कोटाने एकदा चुकून सांगितलं होतं. एवढे शिकलेले लोक, आणि एकाच्याही घरात म्हातारं माणूस नसेल का?

ह्यांनी जेवताना पृथ्वीचा गोल टेबलावर आणला. सामुद्रधुनी सर्वांत अरुंद आहे तिथे चौदा मैल. जगातलं पाव तेल तिथून जातं. दोन्ही देशांकडे तो बॉम्ब आहे. "म्हणून सगळ्यांचा जीव टांगणीला लागलाय," हे म्हणाले. "त्या बड्या देशाने स्वतःचं आरमारही पाठवलंय. कुणी नुसतं चुकून शिंकलं तरी..." मग त्यांना पोरगी आठवली आणि गोल उचलून कपाटावर ठेवला.

८ मार्च, रविवार

भिंगरीचा फोन आला. ती जहाजावर बिनतारी संदेशांच्या खोलीत असते. काम काय ते सांगत नाही, तिनेही कागदावर सही केलेली आहे. आमच्या घरात आता सगळा कारभार हवापाण्याच्या गप्पांवर चाललाय.

"जेवतेस ना?"

"जेवते गं."

"झोप?"

"आई, समोरची जहाजं दिसतात. नुसत्या डोळ्यांनी. त्यांचे खलाशी कपडे वाळत घालतात तेही दिसतं."

मग लाइन गेली.

दुपारी हे आणि सासूबाई यांचं खिडकीवरून वाजलं. सासूबाईंना ती उघडी हवी असते, ह्यांना बंद. सासूबाई एक्क्याऐंशीच्या आहेत आणि त्यांच्या जिभेला अजून एकही सुरकुती पडलेली नाही. पण त्यांची एक रीत आहे. भांडण फार वर चढलं की त्या दोन्ही कवळ्या काढतात आणि समोरच्या पाण्याच्या पेल्यात टाकतात. टप्, टप्. मग हातवाऱ्याने जेवढं भांडता येईल तेवढं. आजही तेच झालं. पाच मिनिटांत दोघं हसायला लागले.

मी कवळ्या धुऊन परत देताना विचारलं, "आई, तुम्ही हे मुद्दाम करता ना?"

"मग काय! दात तोंडात असले की जीभ माझं ऐकत नाही. तुझ्या सासऱ्यांना एकदा असं बोलले होते, की ते पुढे सहा वर्षं ऐकून घ्यावं लागलं मला. तेव्हा दात स्वतःचे होते. काढून ठेवायची सोय नव्हती."

त्यांच्या कवळ्या मी केलेल्या आहेत. पाच वर्षं झाली, अजून हलत नाहीत. सांगायला हरकत नाही, हात चांगला आहे माझा.

१२ मार्च, गुरुवार

माझं स्पष्ट मत झालंय. साहेबांची चिडचिड, अर्ध्यात उठून जाणं, एका वाक्यातून भलत्याच वाक्यात उडी मारणं, याच्या मुळाशी हिरडी आहे. चोवीस तास तोंडात काहीतरी हलत असेल तर देवमाणूससुद्धा दातओठ खाईल, आणि इथे तर ओठच राहिलेत. जग ज्याला लहर म्हणतंय ते साधं दुखणं आहे. आणि दुखणं काढणं माझ्या हातात आहे.

डॉक्टरांना म्हटलं, "सतरा नंबरला नवीन कवळी करू या. मी करते. एकदम घट्ट बसेल."

"जुनी बरी आहे," डॉक्टर म्हणाले. "सुळा लावलात ना? झालं तर."

चार वर्षं हेच ऐकतेय. दर वेळी दुरुस्ती, दर वेळी 'जुनी बरी आहे'. बाकीच्या पेशंटच्या कवळीत तसूभर फट चालत नाही या माणसाला, आणि सतरा नंबरच्या बाबतीत इतका आळस! वय झालं असावं. गेले काही दिवस लक्षही नसतं त्यांचं. त्यांची बहीण सामुद्रधुनीच्या काठच्या बंदरात राहते, दिवसातून दोनदा तिला फोन करतात.

मला राहवलं नाही. करडा कोट आज नवा सुळा जरा घासून घ्यायला आला तेव्हा मी त्याच्या तोंडावर म्हणाले, "नवीन केली तर ही पाण्याची भानगडच राहणार नाही." तो पहिल्यांदा माझ्याकडे माणसाकडे बघावं तसा बघत होता. तासाभरात फोन आला. नवीन करा.

डॉक्टरांनी फोन ठेवला. मग म्हणाले, "तुमचा हात फार चांगला आहे, बाई. तीच अडचण आहे."

कौतुक करायचीही पद्धत असते एकेकाची.

१९ मार्च, गुरुवार

आज त्यांना प्रत्यक्ष पाहिलं!

मेणात दात बसवून झाले की ट्रायल घ्यावी लागते. ती कवळी पेशंटच्या तोंडात घालून त्याला बोलायला लावायचं, आणि कुठला दात अडतो ते कानाने ऐकायचं. डॉक्टरांना डाव्या कानाने कमी येतं, म्हणून मला बोलावलं. साहेब एक्स-रेच्या खोलीतून, मागच्या दाराने आले. टीव्हीवर दिसतात त्यापेक्षा लहान आहेत. हात गरम आणि मऊ. माझ्या एप्रनवरचा गुलाबी डाग बघून म्हणाले, "बाई, हे माझ्या हिरड्यांचं रक्त की काय?" आणि मोठ्याने हसले. मला ते आवडले. खोटं कशाला लिहू?

"सात, सतरा, सत्तावीस म्हणा," मी सांगितलं. त्यांनी म्हटलं. शिट्टी नाही. पुढचे दोन दात मी अर्ध्या केसाने आत घेतले होते, तिथेच मेख होती. "सदतीस, सत्तेचाळीस..." ते थांबेचनात. सत्त्याण्णवपर्यंत गेले. मग खिडकीकडे बघत हळूच म्हणाले, "सामुद्रधुनी." परत म्हणाले. लहान मूल नवीन बूट घालून घरभर फिरतं तसे ते त्या शब्दात फिरून आले.

मग त्यांनी करड्या कोटाकडे हात केला, फोन घेतला आणि कुणालातरी म्हणाले, "सामुद्रधुनीतली आपली जहाजं दोन मैल पुढे घ्या. हो, आत्ता. का म्हणजे? मी सांगतोय म्हणून." फोन ठेवला आणि आरशात दात बघू लागले.

डॉक्टर मेणातली कवळी काढून घ्यायला पुढे झाले, साहेबांनी हातानेच थांबवलं. मला वाटलं, जहाजांचं आधीच ठरलेलं असणार, एवढा मोठा निर्णय कुणी दातांच्या खुर्चीत बसून घेत नाही. चाळीस मिनिटं साहेब बोलत होते. कशाबद्दल ते सगळं आठवत नाही, कारण मी 'स' ऐकत होते.

२४ मार्च, मंगळवार

कवळी दिली. आजवरचं माझं सर्वांत चांगलं काम. टाळूच्या मागच्या टोकाला, जिथे मऊ भाग सुरू होतो, तिथे कवळीला एक बारीक उंचवटा ठेवायचा असतो. आम्ही त्याला बांध म्हणतो. तो हवा आत शिरू देत नाही, आणि त्याच्या जोरावर सगळी कवळी टाळूला चिकटून राहते. हा बांध असा उतरलाय की तोंडातून काढायला दोन बोटांचा जोर लागेल. आता माणसाला शांतता मिळेल, आणि मग आपल्यालाही. रात्री भिंगरीचा फोन आला तेव्हा तिला एवढंच सांगितलं, एक मोठं काम झकास झालंय.

२७ मार्च, शुक्रवार

भाषण दोन तास दहा मिनिटं. पाण्याचा पेला भरलेला होता तसाच राहिला.

पहिली पंधरा मिनिटं मी नुसती दात बघत होते. काय प्रकाश पडत होता त्यांच्यावर! शेजारी बसलेल्या ह्यांना कोपराने ढोसून सांगावंसं वाटत होतं. मग माझ्या लक्षात आलं की ह्यांचा चेहरा उतरलाय, आणि मी ऐकायला लागले.

शेजारच्या देशाच्या प्रमुखाला ते 'भित्रा ससा' म्हणाले. मग म्हणाले, तो ससा आपला मित्र आहे. बड्या देशाच्या आरमाराला त्यांनी आमंत्रण दिलं, आणि दहा मिनिटांनी त्यालाच बुडवायची धमकी दिली. 'तो बॉम्ब' हा शब्द आजपर्यंत त्यांनी जाहीरपणे उच्चारला नव्हता. आज चार वेळा. आणि 'सामुद्रधुनी' एकोणीस वेळा. मी मोजलं. एकदाही शिट्टी नाही.

सासूबाई म्हणाल्या, "याचे दात कुणी केलेत गं? बंदच होईना तोंड."

मी ताटं उचलायला उठले.

२८ मार्च, शनिवार

भिंगरीचा फोन. "आई, मला जास्त बोलता येणार नाही. मी बरी आहे." एवढंच, आणि ते तीन वेळा. तिचा आवाज लहानपणी ताप आल्यावर व्हायचा तसा सपाट होता. मी विचारलं, कपडे वाळत घालताना अजून दिसतात का ते लोक? म्हणाली, "आता तोफा दिसतात."

मला भीती वाटते. सरळ लिहून ठेवते. फार भीती वाटते.

१ एप्रिल, बुधवार

सुट्टी काढली. ह्यांच्या शाळेच्या वाचनालयात जुने पेपर असतात. भूगोलाच्या मास्तरांची बायको म्हणून ग्रंथपाल बाईंनी सहा वर्षांचे गठ्ठे काढून दिले. दिवसभर बसले. जिज्ञासा म्हणा, नाहीतर मनातला काटा म्हणा.

साहेबांना निवडून येऊन सहा वर्षं झाली. पहिल्या दोन वर्षांत भाषणं दीड-दोन तासांची. त्या दोन वर्षांत तीन देशांशी भांडण, एक सीमा बंद, एक करार फाडलेला. तेव्हा दात बहुधा स्वतःचे असावेत, किंवा कवळी नवी. मग भाषणं लहान होत गेली. चाळीस मिनिटं. वीस. गेल्या वर्षी सरासरी नऊ. आणि शेवटी दर वेळी एकच वाक्य, 'बाकीचं लेखी कळवू.' लेखी काय जायचं तेही पेपरात छापून आलंय. 'उभयपक्षी', 'शक्यतो', 'योग्य वेळी'. असं साहेब बोलत नाहीत. असं कचेरीतले लोक लिहितात, चार टेबलांवरून कागद फिरवून.

म्हणजे हिरडी आणि लहर यांचा संबंध मी लावला होता तो उलटा होता. दुखण्याने माणूस बिघडला नव्हता. तो मुळातच तसा होता आणि सैल कवळी त्याला गप्प ठेवत होती. अक्रोडाचा एक दिवस वाईट गेला, कबूल. पण बाकीचे सगळे दिवस?

चार वर्षं एका जुन्या, झिजलेल्या, शिट्टी मारणाऱ्या कवळीने जे काम केलं, ते मी स्वतः पुढाकार घेऊन, मान ताठ करून बंद पाडलं. 'घट्ट बसेल' म्हणाले होते. बसली.

डॉक्टरांना हे कधी सुचलं नसेल का? नसावं. ते फक्त तोंडं बघतात, पेपर वाचत नाहीत.

६ एप्रिल, सोमवार

आजचं आजच लिहून ठेवते.

दुपारी तीनला करडा कोट डबा घेऊन आला. डाव्या बाजूला हिरडीवर टोचतंय, नवीन कवळीत होतं असं. साहेब तपासणीला आले होते आणि कवळी काढून ठेवून वरच्या खोलीत विश्रांती घेत होते. शुक्रवारी त्यांचं देशाला उद्देशून भाषण आहे. शेजाऱ्यांना 'शेवटची तारीख' देणार असं सगळे पेपर सांगतायत.

डॉक्टरांनी कवळीवर निळ्या पेन्सिलीने टोचणारी जागा दाखवली. मग म्हणाले, "मागेही जरा बघा. तुम्हाला वाटलं तर. ॲक्रिलिक एकदा घासलं की परत येत नाही, तेव्हा विचार करून हात चालवा."

पंचवीस वर्षं हेच काम करतेय मी, हे मला शिकवायची काय गरज होती?

नशीब बघा. करडा कोट खुर्ची टाकून बसतच होता, तेवढ्यात डॉक्टर त्याला म्हणाले, "तुमची ती दाढ किती दिवस ठणकतेय? गाल बघा सुजलाय. या, पाच मिनिटांत बघतो." तो नको नको म्हणत होता. डॉक्टरांनी त्याला दंडाला धरून नेलं. चार वर्षांत पहिल्यांदा मी सतरा नंबरबरोबर एकटी होते.

निळी खूण दोन मिनिटांत घासून झाली. मग मी कवळी उलटी करून प्रकाशात धरली. बांध दिसत होता. किती सुबक झालाय तो. आजवर हाताखालून गेलेल्या कुठल्याही कामात मी जाणून खोट ठेवलेली नाही. गरिबाच्या, फुकटातल्या कामातही नाही. माझ्या आईने मला एकच गोष्ट दिली, ती ही. आणि दुसऱ्याच्या तोंडात जाणारी वस्तू आहे ती. तो माणूस मला आवडला होता. त्याने माझ्यावर विश्वास ठेवून दात काढून दिले आहेत.

पलीकडच्या खोलीत डॉक्टरांचं मशीन सुरू झालं. मोठ्या आवाजाचं, जुनं. ते हल्ली वापरत नाहीत.

मला सासूबाईंचा पेला आठवला.

मी बांध घासला. केसाएवढा. मग अजून अर्धा केस. मग सगळं परत चकचकीत केलं, बोट फिरवून पाहिलं. अनोळखी हाताला काही कळणार नाही. तोंड दहा मिनिटं सलग चाललं, जरा कोरडं पडलं, की मागून हवा शिरेल आणि कवळी उतरेल.

डॉक्टर वीस मिनिटांनी आले. जो माणूस मापाच्या पट्टीशिवाय काही पुढे जाऊ देत नाही, त्याने कवळी हातात घेतली, न बघता डब्यात ठेवली आणि झाकण लावलं. करड्या कोटाच्या गालात कापूस होता. मला मनात वाटलं, डॉक्टर, तुमचं लक्ष नाही म्हणून आज मी वाचले.

१० एप्रिल, शुक्रवार

आम्ही तिघं टीव्हीसमोर. जेवणाला कुणी हात लावला नाही.

सुरुवात जोरात. "आज मी त्यांना तारीख देणार आहे." सातव्या मिनिटाला जीभ एकदा वर गेली. मला दिसली, दुसऱ्या कुणाला दिसली नसेल. आठव्या मिनिटाला पाणी. नवव्याला परत. "सामुद्र..." म्हणाले आणि थांबले. सगळं घर थांबलं. ओठ घट्ट मिटून त्यांनी कॅमेऱ्याकडे पाहिलं, आणि त्या डोळ्यांत अशी लाज होती की मला माझ्याच हातांचा राग आला.

"ते पाणी," ते म्हणाले, "आपलं आहे. बाकीचं लेखी कळवू."

अकरा मिनिटं.

हे उठून उगाचच खिडकी उघडायला गेले. सासूबाईंनी माझ्याकडे पाहिलं, बराच वेळ.

११ एप्रिल, शनिवार

निवृत्त सेनापती लिहितात, हे मौन तोफेपेक्षा भेदक आहे. विदुषी लिहितात, पाणी परत आलं, म्हणजे चर्चेचं दार उघडलं. शेजारच्या देशाने या 'संयमाची' दखल घेतली असून राजदूताला परत पाठवायचा विचार चाललाय. कात्रणं डब्यात टाकली.

१४ एप्रिल, मंगळवार

नोकरी गेली.

करडा कोट आणि त्याच्यासारखेच आणखी दोघं आले होते. कवळी टेबलावर. ते काही विचारणार, तोच डॉक्टर माझ्यावर असे कडाडले की बाहेरचे पेशंट उठून उभे राहिले. "इतकं गलथान काम मी आयुष्यात पाहिलं नाही! माप घेता येत नाही, ॲक्रिलिक शिजवता येत नाही! वाकलीय ती, वाकलीय!" त्यांनी कवळी उचलून फरशीवर आपटली आणि रागाच्या भरात वर टाच दिली. तुकडे झाले. तपासायला काही उरलंच नाही. मी रडले. सगळ्यांसमोर, हुंदके देऊन. पंचवीस वर्षांत मला कुणी गलथान म्हटलं नव्हतं, आणि वाकली तर ती मुळीच नव्हती!

मग ते त्या तिघांकडे वळले. म्हणाले, आता कवळीचा नादच नको, हाडात स्क्रू बसवून पक्के दात करू. साहेब सुईला घाबरतात म्हणून सहा वर्षं नाही म्हणत होते. काल अचानक म्हणाले म्हणे, लगेच करा. "उद्या स्क्रू बसतील," डॉक्टर म्हणाले, "पण त्यावर दात चढवायला हाड भरून यावं लागतं. चार महिने. तोवर तात्पुरती कवळी, पातळ अन्न, आणि बोलणं अगदी कमी. लिहून देतो."

मला दाराशी एक पाकीट दिलं. घरी येऊन उघडलं तर दंतवैद्यक महाविद्यालयाच्या प्रयोगशाळेला पत्र. 'मी पाहिलेल्या तंत्रज्ञांमध्ये सर्वोत्तम.' तारीख गेल्या बुधवारची, म्हणजे भाषणाच्याही आधीची. ह्या माणसाचं डोकं खरंच ठिकाणावर राहिलेलं नाही.

२ मे, शनिवार

भिंगरी आली! उन्हाने काळवंडलीय, बारीक झालीय, आणि आल्याबरोबर आजीची खिडकी बंद करून तिची बोलणी खाल्ली. वीस दिवसांची रजा आहे. मी तिला सारखी हात लावून बघतेय, ती वैतागलीय.

जेवताना एवढंच बोलली, "मध्ये थेट फोन यायचे, आई. इकडे जा, तिकडे जा, पुढे घ्या. आम्ही सगळे देव पाण्यात घालून बसलो होतो. आता परत कागद येतो. कागदावर चार सह्या असतात आणि 'शक्यतो' असं लिहिलेलं असतं. 'शक्यतो' वाचलं की कप्तान चहा मागवतात."

मग म्हणाली, "आणि तुझं ते मोठं काम? खूश होतीस ना फोनवर. कसं झालं?"

"बिघडलं," मी म्हणाले.

"तुझ्या हातून?"

"माझ्याच हातून."

हे समजूत घालायला तोंड उघडणार होते. सासूबाई काहीतरी विचारणार होत्या, ओठांपर्यंत आलं होतं. त्यांनी माझ्याकडे पाहिलं, दोन्ही कवळ्या काढल्या आणि पेल्यात टाकल्या. टप्, टप्. मग टेबलाखालून माझा हात धरला आणि जेवण होईपर्यंत सोडला नाही.

दिनदर्शिका काढून बघितली. स्क्रू पंधरा एप्रिलला बसले. चार महिने म्हणजे ऑगस्टच्या मध्याला पक्के दात. भिंगरी बावीस मेला परत जहाजावर जाणार.

उद्या डॉक्टरांना भेटून यावं म्हणते, राग बाजूला ठेवून. कधीकधी हाड भरायला सहा महिनेही लागतात असं कुठेतरी वाचलंय. खरं का, ते विचारायचंय.